पिशवी नदीवर जाऊन आली

७ डिसेंबर, रविवार. रत्नागिरी. पहाटे ५.२०
निर्णय झाला. आजपासून निवांत.

एस.टी.त बत्तीस वर्षं काढली. त्यातली एकोणीस वाहतूक नियंत्रक म्हणून. रिटायर होऊन सात महिने झाले. मालनचं म्हणणं, तुम्ही अजून स्टँडवरच आहात. दूधवाला सहा मिनिटं लेट झाला की मी गेटवर जाऊन उभा राहतो म्हणे. गेटवर हवा चांगली असते म्हणून उभा राहतो. दूधवाल्याशी त्याचा संबंध नाही.

विनीत (मुलगा, ठाण्याला असतो) आणि सूनबाई श्रद्धा यांनी रिटायरमेंटची भेट म्हणून आम्हा दोघांची बँकॉकची टूर बुक केली आहे. पाच दिवस. चार दिवस ग्रुपबरोबर आणि पाचवा 'डे ॲट लेजर'. विनीतने फोनवर अर्थ सांगितला. त्या दिवशी बस नाही, गाईड नाही, वेळापत्रक नाही. रात्रीच्या विमानापर्यंत आपल्याला हवं तसं फिरायचं.

वेळापत्रकाशिवाय अख्खा दिवस. जमेल. न जमायला काय झालं?

तो दिवस मी मालनला देऊन टाकला. म्हटलं, माग काय ते. तिने एकच मागितलं. बोटीत बसायचं. बँकॉकमधून मोठी नदी जाते म्हणे, तिच्यातून बोटी फिरवतात. मालन मूळची खाडीकाठच्या नाटे गावची. तिच्या बाबांची होडी होती. लग्नात तिचा हट्ट होता, वऱ्हाड जाऊ दे रस्त्याने, आपण दोघं होडीतून खाडी पार करूया. मी म्हटलं, नंतर कधीतरी. मग ड्यूटी. मग चौतीस वर्षं. सासुरवाडीला मी कायम एस.टी.ने गेलो. बोटीचं मला काही नाही. समुद्राकाठी वाढलेला माणूस मी. ज्या वाहनाला वेळापत्रक नाही त्यात बसणं तत्त्वात बसत नाही, एवढंच.

पण या खेपेला शब्द दिलाय. लिहून ठेवतो. १९ डिसेंबर, नदी, बोट, मालन आणि मी. शेजारी शेजारी बसणार.

१३ डिसेंबर, शनिवार. हातखंबा. दुपारी १.५०
मुंबईची बस साडेचारची. आलोय. थोडं लवकर वाटेल, पण हायवेचा भरवसा नसतो. मालनने एक वडा खाल्ला, मग दुसरा खाल्ला, मग म्हणाली, आता काय जेवायचंच का इथे?

संध्याकाळी ५.०५
बसमध्ये. आमच्या सीट रिझर्व्ह होत्या. तरी मी आधी चढून दोन्हींवर रुमाल टाकले. मालन म्हणाली, रिझर्व्हेशन आहे ना ओ? मी म्हटलं, रिझर्व्हेशन कागदावर असतं, रुमाल सीटवर असतो. बत्तीस वर्षांचा अनुभव आहे. मागच्या सीटवरचे दोघं हसले. कशाला हसले कळलं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार. बँकॉक. दुपारी ३.३०
प्रचंड शहर. गाड्या आपल्या लेनमध्ये चालतात, हॉर्न नाही. स्टँड बघायचा होता, टूरमध्ये बसवलेला नाही. लेखी कळवणार आहे.

ग्रुप बावीस जणांचा. सगळ्यांना पिवळ्या टोप्या दिल्यात. माझी वाऱ्याने उडू नये म्हणून मी तिला हनुवटीखालून नाडी शिवून घेतली. टूर मॅनेजर शमिका नावाची चिपळूणची मुलगी आहे. हुशार, पण सैल. 'निघूया हं हळूहळू' असं म्हणते. हळूहळू निघून गाड्या सुटतात का? म्हणून मी आणलेली शिट्टी वाजवली. तिने गोड बोलून ती मागून घेतली. म्हणाली, काका, माझ्याकडे सेफ राहील.

सगळ्यात लेट म्हणजे राजेंद्र सर आणि सीतावहिनी. लांज्याचे. सर निवृत्त शिक्षक. रोज शेवटी येतात आणि वर 'काय काशीरामपंत, झोप झाली ना?' असं विचारतात. माझ्या बत्तीस वर्षांत असा प्रवासी पाहिला नाही. मालनचं आणि वहिनींचं मात्र मेतकूट जमलं आहे.

आज झोपलेल्या बुद्धाची प्रचंड मूर्ती बघितली. सोन्याची झळाळी. मालन समोर बसली ती उठेचना. मी घड्याळ दाखवलं. तिने डोळे मिटून घेतले.

निवांतपणा मात्र मला चांगला जमायला लागला आहे. सकाळपासून फक्त दोनदा म्हटलं, चला चला.

१७ डिसेंबर, बुधवार. सकाळी ६.००
मालनने उठल्या उठल्या विचारलं, परवाचं ठरलं ना? म्हटलं, ठरलं म्हणजे ठरलं. मग सहज गुगलवर बघितलं, नदी किती खोल आहे. नीट सांगत नाही. लाईफ जॅकेट देतात का, ते शमिकाला विचारलं. देतात म्हणाली. किती जुनी आहेत, ते विचारलं. ते तिला माहीत नाही. याला प्लॅनिंग म्हणत नाहीत.

१८ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.४०
मालनचा आज मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. पूजा श्रद्धाकडे सोपवून आली आहे. बुफेत केळी आणि कलिंगड यावर दिवस काढला. मी बाकीचं खाल्लं.

मोठी गोष्ट आत्ता लक्षात आली. घरच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान मी घडी करून आणलंय. उद्या पहाटेपासून अमावास्या. परवा सकाळपर्यंत. आणि आमचं विमान उद्या रात्री ८.२५ ला!

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. बारावीपर्यंत सायन्स. पण विमान काय एस.टी. आहे, की बिघडलं म्हणून हातखंब्याला उभं केलं? तेव्हा प्रस्थान ठेवायचं ठरवलं.

वडील मुंबईला गिरणीत होते. गणपती आटोपले की परत जायचे. निघायच्या दिवशी अमावास्या आली की आई आदल्या दिवशीच त्यांची पिशवी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. पिशवीत सुपारी, मूठभर तांदूळ. पिशवी घराबाहेर पडली म्हणजे माणूस चांगल्या दिवशी निघाला, असा हिशेब. दुसऱ्या दिवशी वडील जाता जाता शेजाऱ्याकडून पिशवी उचलून पुढे जायचे. नियम दोनच. ठेवलेली पिशवी परत आपल्या घरात आणायची नाही. आणि एकदा उचलली की मागे फिरायचं नाही.

आमची खोली ११२१. मोबाईलवर होकायंत्र लावून बघितलं. भारत पश्चिमेला. पश्चिमेला १११४, म्हणजे राजेंद्र सर. नाइलाज झाला.

पिशवी विनीतच्या लग्नात वाटलेली कापडी. 'विनीत-श्रद्धा शुभविवाह' असं लाल अक्षरात छापलेलं. सुपारी मालनकडे होतीच. तांदूळ हॉटेलच्या किचनमधून मागून आणले, ते शिजवून द्यायला लागले, खुणा करून कच्चे घेतले. मग विचार केला. नुसते सुपारी-तांदूळ ठेवून विमानाला काय कळणार? प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू ठेवावी. म्हणून दोघांचे पासपोर्ट ठेवले.

मालन म्हणाली, पासपोर्ट कशाला ओ? सुपारी पुरे. मी म्हटलं, यातलं तुला कळत नाही.

पिशवी १११४ ला नेऊन दिली. सर हसले. सीतावहिनी हसल्या नाहीत. त्यांना पद्धत माहीत होती. दोन्ही हातांनी पिशवी घेतली, कपाळाला लावली आणि कपाटात वरच्या खणात ठेवली. मी दोन्ही नियम त्यांना पुन्हा समजावून सांगितले.

आता मन शांत. उद्या निवांत.

१९ डिसेंबर, शुक्रवार. डे ॲट लेजर. पहाटे ४.५०
निवांत असल्यामुळे लवकर जाग आली. बॅगा चौथ्यांदा भरल्या.

६.१५
नाश्ता सातला उघडतो. दारात उभा आहे.

७.२०
मालनने निळी साडी नेसली आहे. घरून जपून आणलेली. केसांत गजरा, तो इथल्या बाजारात मिळाला म्हणे. म्हणाली, अकराची बोट. शमिकाला विचारून आले. धक्का इथून पंधरा मिनिटांवर. बोट दीड तास फिरवून परत सोडते. गाडी चारला, म्हणजे भरपूर वेळ. सगळं तिनेच ठरवून टाकलं. मी म्हटलं, बरं.

७.५०
पासपोर्ट नीट आहेत ना, एकदा बघून यावं. उचलायचे नाहीत, फक्त नजर टाकायची. नियमाला धरून आहे.

७.५५
१११४ चं दार कुणी उघडत नाही.

८.०५
कुणी उघडत नाही.

८.१२
साफसफाईवाली बाई आली. मी खुणेने पिशवी, सुपारी, विमान असं सगळं समजावलं. तिने मला दोन टॉवेल आणि साबण दिला.

८.३०
शमिका म्हणाली, सर आणि वहिनी सातलाच चेक-आउट करून फिरायला गेले. सामान हॉटेलच्या स्टोअरमध्ये टाकून. आयुष्यात पहिल्यांदा माणूस वेळेआधी निघाला, तो नेमका आज! पिशवी? शमिकाला माहीत नाही. सरांना फोन लागत नाही. मी लॉबीत पाच फेऱ्या मारल्या. दरवाजावरचा माणूस दर खेपेला वाकून नमस्कार करतो, मलाही करावा लागतो.

मालन सोफ्यावर बसली आहे. म्हणाली, तुम्ही बसा आधी. मला बघूनच चक्कर येतेय.

८.५५
मालनच्या मोबाईलवर सीतावहिनींचा मेसेज. पिशवी त्यांच्याजवळ आहे. स्टोअरमध्ये लोकांच्या बॅगांखाली प्रस्थान ठेवायचं बरं दिसेना, म्हणून बरोबर घेऊन फिरतायत. आम्हीही अकराच्या बोटीला येतो, धक्क्यावर भेटूया.

म्हणजे आमचे पासपोर्ट सकाळी सातपासून बँकॉकच्या बाजारात फिरतायत!

९.०५
वहिनींना फोन लावला. म्हटलं, पिशवी ताबडतोब हॉटेलवर आणा. त्या म्हणाल्या, भाऊजी, प्रस्थान मागे आणायचं नसतं, कालच सांगितलंत ना तुम्ही? काळजी करू नका, तुम्हाला हात लावायला नको, मीच सांभाळते आणि एअरपोर्टवर देते. तुम्ही दोघं बोटीवर या फक्त.

लांज्याची माणसं नियम फार काटेकोर पाळतात.

९.४०
नीट विचार केला. जायला हरकत नाही. पण सामानाचं काय?

९.४५
शमिका म्हणाली, स्टोअर आहे, टोकन मिळतं. मी म्हटलं, बाई गं, स्टँडच्या ऑफिसात बेवारस सामानाची नोंद मी केलेली आहे, वर्षाला एक रजिस्टर भरायचं. ती म्हणाली, काका, काल तुम्हीच म्हणालात, उद्या टेन्शन नाही. मी म्हटलं, टेन्शन कुणाला आहे?

१०.१०
सामान स्टोअरमध्ये दिलं. टोकन ३८. परत काढून कुलूप तपासलं. परत दिलं. टोकन ४१.

१०.२५
टोकन खिशात आहे का, परत बघितलं.

१०.३०
मालन उठली. पर्स घेतली. माझ्याकडे बघून एकदाच विचारलं, येताय ना?

मी म्हटलं, तू हो पुढे शमिकाबरोबर. जागा धर. मी सामानाकडे शेवटची नजर टाकून आलोच.

तिने पदर सारखा केला. मग गेली. साडी छान दिसत होती. सांगायचं राहिलं.

१०.४०
टॅक्सी केली. शब्द म्हणजे शब्द. गुलाबी रंगाची टॅक्सी.

१०.५८
धक्क्यावर. पाहणी केली ती अशी. धक्का पाण्यावर तरंगतो. लाटेबरोबर वर-खाली होतो. म्हणजे माणूस बोटीत बसण्याआधीच बोटीत. नदीचं पाणी गढूळ, तळ दिसत नाही. बोट लांबलचक. पाण्यापासून बसायच्या जागेपर्यंत जेमतेम हातभर. प्रवासी अंदाजे साठ. माझ्या मते ओव्हरलोड.

मालन काठाच्या सीटवर बसलेली दिसली. पाठमोरी. हाक मारणार होतो. इंजिनाचा आवाज फार होता. कठड्याला धरून उभा होतो, कारण ऊन. अनुभवी माणूस म्हणून निर्णय घेतला की ओव्हरलोड गाडीत आपण आणखी एक वजन वाढवू नये.

११.०० ला सुटली. अगदी वेळेवर. हे मान्य करायला हवं.

११.३५
हॉटेल. लॉबी. सामान जागेवर आहे.

विचार करतोय. पासपोर्टवर फोटो माझा, नाव माझं, जन्मतारीख माझी. ते सगळं आत्ता नदीवर आहे. मी मात्र सोफ्यावर.

१२.५०
ऑर्किड मोजले. फुलदाण्या सहा.

१.४०
मालन परत आली. चेहरा लाल झालेला, गजरा विस्कटलेला. सर आणि वहिनी बाजारात थांबले, पिशवीसह. मालनने चपला काढून पाय सोफ्यावर घेतले. बोटीचं मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं, सामानापाशीच बसून होतो, हललो नाही. कुणीतरी थांबायला हवं होतं ना?

ती म्हणाली, हो. थांबायला हवंच होतं.

नियमाला धरून बोलली असं वाटलं.

२.३०
अजून दीड तास मोकळा. मी म्हटलं, चल, तुला कुठे जायचं? आता मी पूर्ण मोकळा. ती म्हणाली, मी बसते आता इथे. निवांत. आणि खरंच बसली. एवढा वेळ काही न करता माणूस बसतो कसा?

३.१०
गाडी चारला. दारात उभा आहे.

संध्याकाळी ५.४५. सुवर्णभूमी एअरपोर्ट
वहिनींनी पिशवी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. पासपोर्ट सुखरूप. पण मालनच्या पासपोर्टचा कोपरा किंचित ओला. तांदूळही दमट. वहिनी म्हणाल्या, बोटीत तुषार येतात हो, मजा आली.

मी पिशवी घेतली आणि मागे वळून बघितलं नाही. दुसरा नियम पाळला. एकंदरीत दिवस यशस्वी.

२१ डिसेंबर, रविवार. रत्नागिरी. सकाळी ९.००
घरी. विमान वेळेवर उतरलं. प्रस्थानाचा गुण. संध्याकाळी जुन्या स्टाफला भेटायला स्टँडवर गेलो तर सांगणार आहे, परदेशात निवांत कसं फिरायचं असतं. संदेश कंडक्टरने आधीच फोनवर विचारलं, काय भाऊ, बोटीत बसलात की नाही? मालनवहिनी तर चार महिने तेच बोलत होत्या. मी म्हटलं, बोट पाहिली. चांगली होती. त्याने आणखी विचारलं नाही. नेटवर्क गेलं असावं. मीच फोन ठेवला होता.

२४ डिसेंबर, बुधवार. दुपारी १२.१५
मार्गशीर्ष संपला, बांगडे आले. मालन परसात साफ करत बसली आहे.

राजेंद्र सरांनी आज ग्रुपवर चौसष्ट फोटो टाकले. पाच दिवसांनी! या माणसाला वेळ म्हणून काही नाही. मी एकेक बघत होतो. देऊळ, बाजार, सर, सर, वहिनी, सर.

एक्केचाळिसावा फोटो. बोट. मालन.

काठाच्या सीटवर बसली आहे. निळा पदर वाऱ्यावर गेलेला. ती हसतेय. तोंड उघडं टाकून, डोळे बारीक करून, पोरीसारखी. असं हसताना मी तिला शेवटचं कधी बघितलं, आठवत नाही. बहुतेक लग्नाच्या आधी, नाट्याच्या धक्क्यावर, मी बघायला गेलो होतो तेव्हा. आणि तिच्या शेजारची सीट रिकामी. रिकामी नाही. तिच्यावर पिशवी ठेवलेली. 'विनीत-श्रद्धा शुभविवाह'. लाल अक्षरं स्पष्ट दिसतात. अख्खी बोट भरलेली, दोन माणसं उभी आहेत मागे, आणि त्या सीटवर पिशवी.

मी सांगितलं होतं ना, जागा धर म्हणून.

१२.३०
फोटो मोठा करून बघितला. मालनच्या डोक्यामागे धक्का दिसतो. धक्क्यावर पिवळी टोपी घातलेला एक इसम. कठड्याला दोन्ही हातांनी धरून. चेहरा नीट दिसत नाही, कुणीही असू शकतो. टोप्या बावीस वाटल्या होत्या.

१२.३५
हनुवटीखाली नाडी दिसते.

१२.४०
फोटो डिलीट केला. सरांनी टाकला तो ग्रुपवर राहतो म्हणे. मालनच्या मोबाईलवरही आलाच असणार.

दुपारी ४.००
बघितलाय तिने. सकाळीच. जेवायला वाढत होती. मीच म्हटलं, ती बोट ओव्हरलोड होती, माझा अनुभव आहे. ती ताटात आमटी वाढत म्हणाली, तुम्हाला पाण्याची भीती वाटते, हे मला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे. होडी नको म्हणालात ना, तेव्हाच कळलं. मी म्हटलं, भीती? मला? ती म्हणाली, सांगितलं असतंत तर मी नसते गेले ओ. तुमच्याबरोबर काठावरच बसले असते. नुसती नदी बघितली असती दोघांनी. मला बोट एवढी नको होती.

मग म्हणाली, बांगडा घ्या, गार होतोय.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

संध्याकाळी ७.२०
भीती हा शब्द बरोबर नाही. मी चौकशी करून वागणारा माणूस आहे.

पण ठरवलं. रविवारी मालनला घेऊन जयगडला जाणार. तिथे फेरीबोट चालते, खाडीपलीकडे तवसाळला. फेरीबोटीला वेळापत्रक आहे! बोर्डावर लिहिलेलं असतं. म्हणजे माझी तात्त्विक अडचणच संपली. नदी नाही, गढूळ नाही, परदेश नाही. आपली खाडी, आपली माणसं. शेजारी शेजारी बसणार. मालनला सांगितलं. ती म्हणाली, बघूया.

२८ डिसेंबर, रविवार. जयगड. सकाळी ७.४०
पोचलो. पहिल्या बोटीला बराच वेळ आहे. धक्क्याची पाहणी केली. हा तरंगत नाही, पक्का सिमेंटचा आहे. उत्तम. मालन दगडावर बसून शेंगा सोलते आहे. ती लग्नाची पिशवी बरोबर आणली आहे. आत पाण्याची बाटली असावी.

८.५०
पहिली फेरी गेली. आपण नाही गेलो. पहिल्या फेरीला ड्रायव्हरचे हात बसलेले नसतात. हे एस.टी.तही आहे.

९.३५
दुसरी गेली. तिच्यावर एक डंपर चढला. मी डोळ्यांनी बघितलं, बोट एका बाजूला झुकली. मालन म्हणाली, नाही झुकली. तिला अँगल नीट नव्हता.

१०.२०
तिसरी लागली आहे. रिकामी. समुद्र पाटासारखा सपाट. डंपर नाही, गर्दी नाही. लाईफ जॅकेट विचारली, नवीन आहेत. वेळापत्रकाप्रमाणे आलेली. एकही मुद्दा शिल्लक नाही.

कठडा धरून बघितला. पक्का आहे.

मालन उठली. शेंगांची सालं झाडली. पिशवी उचलली. मी विचारलं, पिशवी कशाला नेतेस? माझ्याकडे ठेव.

ती म्हणाली, तुमची जागा धरायला.

चिडून नाही म्हणाली. माझ्या हातावर उरलेल्या शेंगा ठेवल्या आणि गेली.

१०.३०
सुटली. वेळेवर. मालनने हात केला. मीही केला. दुसरा हात कठड्याला होता.

११.१५
पलीकडून निघाली. परत येताना दिसते. निळी साडी दिसते. पिशवी मांडीवर घेतलेली नाही, शेजारच्या जागेवरच ठेवली आहे.

पुढच्या फेरीला नक्की.